अमोनियाचा डिटेक्टर बंद, लॉगशीटवर सही माझी, उद्या काही झालं तर जबाबदार कोण?

प्रश्न विचारणाऱ्या भावांचं म्हणणं आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. निपाणीच्या बाजूला एका कोल्ड स्टोरेजमध्ये ते शिफ्ट इनचार्ज आहेत, अमोनियावर चालणारा प्लांट आहे. मशीनरूममधले दोन्ही गॅस डिटेक्टर उन्हाळ्यापासून बंद आहेत, पाण्याच्या स्प्रेचा पंप दुरुस्तीला म्हणून खोलला तो तसाच कोपऱ्यात पडलाय, मॅनेजर म्हणतात सीझन होऊ दे मग बघू, आणि रोज लॉगशीटवर "सर्व ठीक" लिहून सही मात्र यांना करावी लागते. मालक माणूस चांगला, गावच्या शाळेला खोल्या बांधून दिल्यात, पिण्याच्या पाण्याचा आरओ बसवून दिलाय, गणपतीला देणगी हात न आखडता देतात. आता त्यांचं विचारणं असं की उद्या गॅस सुटला तर जबाबदार कंपनी की मी, आणि भोपाळचं उदाहरण सगळेच देतात पण ती एवढी मोठी अमेरिकन कंपनी, आमच्यासारख्या छोट्या प्लांटला ते कुठं लागू होतं?

मी केमिकल इंजिनिअर, बेळगाव, हुक्केरी, चिकोडी, अथणी आणि पलीकडं कागल, गडहिंग्लज या पट्ट्यात डेअऱ्या, बर्फाचे कारखाने, साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्या अशा ठिकाणी सेफ्टीचंच काम करत आलोय. वकील नव्हे, त्यामुळं कायद्याचं जे सांगतो ते रोजच्या कामात लागतं तेवढंच, कोर्टाची वेळ आली तर वकील गाठायलाच पाहिजे.

तुमच्या प्रश्नात भीती अडकण्याची आहे आणि ती चुकीची नाही, पण त्याच्या खाली दुसरा प्रश्न दडलाय असं मला वाटतं. डिटेक्टर बंद ठेवून प्लांट चालवायचा हे ठरवलं कुणी, ठरवताना त्याला काय काय माहीत होतं, आणि ते बदलायचा अधिकार आणि पैसा कुणाच्या हातात होता? या तीन गोष्टींची उत्तरं आज, अपघात झालेला नसताना, तुमच्या प्लांटमध्ये बसून लिहून काढता येतात. जबाबदारी गॅस सुटल्यावर ठरत नाही, ती आज ठरायलीय, मॅनेजर "सीझननंतर बघू" म्हणतात त्या वाक्यात ती ठरते. माझं सगळं म्हणणं याच एका गोष्टीवर उभं आहे.

भोपाळ छोट्या प्लांटला का लागू होतं ते आधी बघू. 2 आणि 3 डिसेंबर 1984 च्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यात मिथाइल आयसोसायनेटच्या टाकीत पाणी शिरलं, आतली रासायनिक क्रिया भडकली आणि सुमारे 40 टन गॅस झोपलेल्या शहरावर गेला. एवढं सगळ्यांना माहीत असतं. पण आमच्या धंद्यातल्या माणसानं त्याच्या आधीचे सहा-आठ महिने वाचायला पाहिजेत. तो माल थंड, शून्य अंशाच्या आसपास ठेवायचा असतो, तर टाकी थंड ठेवणारं रेफ्रिजरेशन खर्च वाचवायला 1984 च्या मध्यालाच बंद केलेलं. सुटलेला गॅस धुऊन काढणारा स्क्रबर स्टँडबायवर. गॅस जाळणारा फ्लेअर टॉवर बंद, कारण त्याला जाणारा पाइपचा तुकडा दुरुस्तीला काढलेला आणि परत बसवलेला नाही. पाण्याचे फवारे होते, पण गॅस जिथून बाहेर पडत होता त्या उंचीपर्यंत ते पोचत नव्हते. एमआयसी (मिथाइल आयसोसायनेट) युनिटवरची शिफ्टमधली माणसं 12 वरून 6 वर आणलेली. आता यातली एकेक गोष्ट सुटी करून बघा, प्रत्येक गोष्ट कुठल्या तरी मीटिंगमध्ये "सध्या चालतंय की, नंतर बघू" म्हणून सुटलेली आहे. तुमचा पंप कोपऱ्यात पडलाय आणि तो पाइपचा तुकडा बाजूला पडला होता, यात मला आकाराशिवाय फारसा फरक दिसत नाही.

आणि कुणी सांगितलं नव्हतं असंही नाही. मे 1982 मध्ये अमेरिकेतल्या मूळ कंपनीचीच सेफ्टी ऑडिटची टीम भोपाळला येऊन गेली होती, त्यांनी त्रुटी लिहून दिल्या होत्या. राजकुमार केसवानी नावाचे भोपाळचेच पत्रकार, ते 1982 पासून छापत होते की हे शहर ज्वालामुखीच्या तोंडावर बसलंय. म्हणजे माहिती होती, कागदावर होती, शहरात वाचलीही गेली होती, पण ज्याच्या हातात खर्च करायचा अधिकार होता त्याच्यापर्यंत ती गेली की नाही, गेली तर त्यानं काय केलं, यावर पुढं वर्षानुवर्षं वाद चालला. कंपनीनं नंतर असं सांगितलं की नाराज कामगारानं मुद्दाम पाणी सोडलं. घटकाभर ते खरं धरलं तरी, एका माणसानं एक नळी जोडली म्हणून हजारो माणसं मरू शकतात असा प्लांट चालू ठेवायचं त्या कामगारानं ठरवलं नव्हतं. रेफ्रिजरेशन त्यानं बंद केलेलं नव्हतं, माणसंही त्यानं कमी केलेली नव्हती.

"ऑपरेटरची चूक" हा शब्द आला की मी चौकशी तिथं थांबू देत नाही, तिथून सुरू करतो. माणूस चुकणारच, थकलेला माणूस पहाटे तीनला जास्तच चुकणार, हे डिझाइन करताना माहीत असतं म्हणून तर डिटेक्टर, स्प्रे, सेफ्टी व्हॉल्व्ह असे एकामागं एक अडथळे लावलेले असतात. ते अडथळे काढून ठेवायचे आणि मग शेवटी ज्याचा हात व्हॉल्व्हवर होता त्याला धरायचं, हा अन्याय आमच्या भागात छोट्या अपघातांमध्येसुद्धा सर्रास होतो. मी काम करत असलेल्या एका कारखान्यात (नाव सांगत नाही) सांडपाण्याच्या टाकीत उतरलेला कंत्राटी कामगार आतल्या गॅसनं गेला, चौकशीच्या कागदावर "सूचनांचे पालन केले नाही" असं आलं. सूचना कन्नड आणि इंग्लिशमध्ये भिंतीवर होती, पोरगा ओडिशाचा, दोन्ही भाषा वाचता न येणारा, आणि टाकीत उतरण्याआधी हवा तपासायचा मीटर स्टोअरमध्ये कुलपात होता. मग त्यानं पालन कशाचं करायचं होतं?

विशाखापट्टणमचं उदाहरण तर तुमच्या अजून जवळचं आहे, कारण तिथंही प्रश्न थंड ठेवण्याचाच होता. 7 मे 2020 च्या पहाटे एलजी पॉलिमर्सच्या टाकीतून स्टायरीनची वाफ आर. आर. वेंकटापुरम गावात गेली, 12 माणसं गेली, शेकडो दवाखान्यात. लॉकडाऊनमध्ये प्लांट बंद, टाकी भरलेली. स्टायरीन आपलंआपण तापून घट्ट व्हायला लागतं म्हणून ते थंड ठेवायचं आणि त्यात रोधक रसायन घालून ठेवायचं असतं, तर तिथं टाकी थंड करणारी यंत्रणा फक्त दिवसा चालवत होते, तापमान मोजणारा प्रोब टाकीच्या तळाला आणि माल तापत होता वरच्या थरात. रीडिंग लिहिणाऱ्यानं आकडा खराच लिहिला असणार, पण तो आकडा टाकीचं खरं सांगतच नव्हता. कारखान्यात सायरन होता, तो वाजवलाच गेला नाही, गावकऱ्यांना जाग आली ती डोळे जळायला लागल्यावर. आणि तुमच्याकडं बंद काय आहे तर डिटेक्टर, म्हणजे सायरनच्या आधी वाजायची गोष्टच बंद.

तुमचे मॅनेजर कदाचित असं म्हणत असतील की अमोनियाचा वासच एवढा उग्र आहे, डिटेक्टर कशाला पाहिजे, नाक आहे की. हे मी इतक्या ठिकाणी ऐकलंय की उत्तर पाठ झालंय. नाक तिथं हजर असलेल्या माणसालाच सांगतं, पहाटे मशीनरूममध्ये कोण असतं ते तुम्हालाच माहीत. रोज थोडा थोडा वास घेणाऱ्याचं नाक सरावतं. 300 पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत 300 भाग अमोनिया) वर गेलं की तिथं थांबणंच जिवाला धोक्याचं, त्यामुळं "वास आला की जाऊन व्हॉल्व्ह बंद करू" हे बोलायला सोपं आहे. आणि डिटेक्टरचं काम नुसतं वाजणं नसतं, नीट जोडला असेल तर तो एक्झॉस्ट फॅन चालू करतो, कंप्रेसर आपोआप बंद करतो, ते नाक करत नाही. अजून एक, अमोनिया हवेपेक्षा हलका असतो हे आपण शाळेत शिकतो पण दाबाखालचा द्रव एकदम सुटला की थंड धुक्यासारखा जमिनीलगत पसरतो, थंडीत पहाटे वारा पडलेला असला की तो वस्तीतल्या बोळांमध्ये जाऊन बसतो. भोपाळचीही डिसेंबरची रात्र होती.

आता कायद्याचं. भोपाळनंतर बरोबर वर्षानं, 4 डिसेंबर 1985 ला दिल्लीत श्रीराम कंपनीतून ओलियम गॅस गळला, त्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं 1986 मध्ये सांगितलं की धोकादायक धंदा करून जो नफा कमावतो त्याची जबाबदारी पूर्ण आहे, आम्ही सगळी काळजी घेतली होती, तिसऱ्यानंच काहीतरी केलं, दैवी आपत्ती होती, असल्या कुठल्याच सबबी चालणार नाहीत, आणि कंपनी जेवढी मोठी आणि सधन तेवढी भरपाई जास्त. याला पूर्ण दायित्व म्हणतात. भरपाईपुरतं तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथं जवळजवळ स्पष्ट आहे, गावातल्या माणसाला गॅस लागला तर पैसे कंपनीनं द्यायचे, चूक कुणाची हा वाद त्या माणसानं घालत बसायचा नाही.

फौजदारी मात्र वेगळी आणि तिथंच तुमची सही आडवी येते. 1948 च्या कारखाना कायद्यात 1987 ला मोठे बदल झाले, ते भोपाळमुळंच. कारखान्यावर शेवटचा ताबा ज्याचा, त्याला कायदा ऑक्युपायर म्हणतो, कंपनी असेल तर तो संचालकांपैकीच एक, मॅनेजरच्या नावावर ढकलून मोकळं होता येत नाही, 1996 मध्ये सुप्रीम कोर्टानंही हे कायम केलं. पण त्याच कायद्यात 101 नंबरचं कलम होतं ते शिफ्ट इनचार्जनं जरूर वाचावं. ऑक्युपायरवर खटला भरला तर तो म्हणू शकतो की खरा गुन्हेगार हा दुसरा माणूस आहे, आणि मी योग्य ती दक्षता घेतली होती, त्यानं जे केलं ते माझ्या माहितीशिवाय, संमतीशिवाय केलं, एवढं त्यानं सिद्ध केलं तर तो सुटतो आणि दुसरा माणूस सापडतो. आता विचार करा, रोजच्या लॉगशीटवर तुमच्या अक्षरात "सर्व ठीक" आहे, डिटेक्टर बंद असल्याचा एकही कागद वर गेलेला नाही, तोंडी सांगितलंय फक्त. मालकाला "मला माहीतच नव्हतं" म्हणायची सोय तुम्हीच रोज सही करून देताय. कारखाना कायद्याची जागा 2020 च्या सुरक्षा संहितेनं घेतलीय त्यामुळं कलमांचे नंबर तुमच्या वकिलाकडून तपासून घ्या, पण हा युक्तिवाद कुठलाही बचावाचा वकील करणारच. निष्काळजीपणानं मृत्यू याला पूर्वी भारतीय दंड विधानात 304-अ होतं, दोन वर्षांपर्यंत शिक्षा, आता न्याय संहितेत 106 आहे, पाच वर्षांपर्यंत.

भोपाळमध्ये याच 304-अ खाली 7 जून 2010 ला निकाल लागला, साडेपंचवीस वर्षांनी, भारतीय अधिकाऱ्यांना दोन वर्षं आणि लाखभर दंड, लगेच जामीन. अमेरिकेतल्या मूळ कंपनीचे अध्यक्ष वॉरन अँडरसन, घटनेनंतर चार दिवसांत भोपाळला आले, अटक झाली, जामीन मिळाला, देश सोडून गेले आणि परत कधी कोर्टात आले नाहीत. मूळ कंपनीकडं भारतीय कंपनीचे 50.9 टक्के शेअर होते, तरी ती शेवटपर्यंत म्हणत राहिली की ती कंपनी वेगळी, आम्ही वेगळे. 1989 ला 47 कोटी डॉलरवर तडजोड झाली, ज्यांना गॅस लागला त्यांची सरकारी मोजणी साडेपाच लाखांच्या वर आहे. कारखान्यातला विषारी कचरा, 337 टन, तिथून हलवायला जानेवारी 2025 उजाडावं लागलं. हे सगळं लिहिताना मला अजूनही राग येतो आणि तो यावा असंच मला वाटतं. कायदेशीर जबाबदारी अशी झिरपत झिरपत खाली येते आणि येता येता आटते, म्हणून नैतिक जबाबदारी आधीच, निर्णयाच्या जागी, धरून ठेवावी लागते.

आता मालकांच्या चांगुलपणाचं. त्यांनी शाळेला खोल्या दिल्या हे खरंच चांगलं काम आहे, मी त्याला नाव ठेवत नाही. पण त्या देणगीचा आणि डिटेक्टरचा हिशेब एका वहीत लिहायचा नाही. 2013 च्या कंपनी कायद्यात मोठ्या कंपन्यांना नफ्याच्या दोन टक्के सीएसआर (समाजाच्या कामासाठीचा खर्च) करायला लागतो, त्यातही आपल्याच धंद्याचं नेहमीचं काम किंवा फक्त आपल्याच कामगारांच्या फायद्याचं काम सीएसआर म्हणून दाखवता येत नाही, म्हणजे कायद्यानंच सांगितलंय की स्वतःचा प्लांट सुरक्षित ठेवणं हे दान नव्हे, ते धंद्याचं देणं आहे. नीट बघितलं तर "सीझननंतर" या निर्णयात होतं काय, वाचलेला पैसा आणि न बुडालेला माल मालकाच्या खात्यात जमा होतो आणि त्या बदल्यातला धोका मशीनरूममधल्या तुमच्या, बाहेर पोती उचलणाऱ्या हमालांच्या आणि कंपाउंडपलीकडं राहणाऱ्या माणसांच्या फुप्फुसात जमा होतो, आणि त्यांना कुणी विचारलेलं नसतं. एखाद्यानं स्वतःच्या जिवावर धोका घेतला तर ती त्याची मर्जी, दुसऱ्याच्या जिवावर न विचारता घेतलेला धोका हा माझ्या मते सरळ अन्याय आहे, घेणारा देवभक्त असला तरी.

गेटवरच्या बोर्डाबद्दलही सांगतो, "इतके दिवस अपघातमुक्त". 23 मार्च 2005 ला टेक्सास सिटीच्या बीपी रिफायनरीत स्फोट होऊन 15 माणसं गेली, त्यानंतरच्या बेकर समितीनं 2007 च्या अहवालात म्हटलं की कंपनी पडणं, लागणं, कापणं असल्या वैयक्तिक अपघातांच्या आकड्यांवर समाधानी होती, प्रोसेसच्या सुरक्षेकडं तिचं पुरेसं लक्ष नव्हतं. हेल्मेट, बूट, बोट कापणं याचे आकडे चांगले असताना टाकी फुटू शकते. तुमच्याकडंही असा बोर्ड असेल तर त्याचा डिटेक्टरशी काही संबंध नाही हे मॅनेजरना सांगायला हे उदाहरण उपयोगी पडेल.

तुम्ही नेमकं काय करायचं, ते मात्र परिस्थितीवर अवलंबून आहे. सिस्टीममध्ये अमोनिया किती टन आहे, रिसीव्हर (द्रव अमोनिया साठवायची टाकी) कुठं आहे, सगळ्यात जवळचं घर किती लांब, रात्री मशीनरूमवर दोन माणसं असतात की एकच, एक्झॉस्ट चालू आहे का, हे न बघता "प्लांट बंद करा" असं मी सांगणार नाही, कारण चालू प्लांट घाईत बंद करतानाही अपघात होतात आणि आतला शेतकऱ्यांचा माल सडला तर तेही नुकसान खरंच आहे. कायद्याचीही एक पळवाट लक्षात ठेवा, 1989 च्या धोकादायक रसायनांच्या नियमांत नुसत्या साठवणुकीला अमोनियाची मर्यादा 60 टनांपासून सुरू होते, आपल्याकडच्या बहुतेक कोल्ड स्टोरेज आणि बर्फाच्या कारखान्यांत त्यापेक्षा खूपच कमी माल असतो, म्हणून तिथली बरीचशी बंधनं लागू होत नाहीत. पण दोन टन अमोनियासुद्धा शेजारच्या वाडीला पुरून उरतो. मर्यादेच्या खाली आहोत म्हणून आमचं काही देणं नाही असं कुणी म्हणालं तर ते कायद्याचं उत्तर झालं, शेजाऱ्याला द्यायचं उत्तर झालं नाही.

मी अशा ठिकाणी काय करतो ते सांगतो. पहिलं, लॉगशीटवर "सर्व ठीक" आजपासून बंद. जे आहे ते लिहायचं: "डिटेक्टर 1 व 2 बंद, स्प्रे पंप खोललेला, मॅनेजरना कळवले", तारीख, वेळ, सही. यात कुणावर आरोप नाही, रीडिंग आहे ते, प्रेशर लिहितो तसं. दुसरं, जी सेफ्टीची वस्तू बंद आहे तिचं वेगळं रजिस्टर: काय बंद, कधीपासून, तोपर्यंत बदली व्यवस्था काय, कधीपर्यंत चालू करणार, आणि असं चालवायला परवानगी कुणी दिली त्याची सही. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. तोंडी "चालव की" म्हणणारा माणूस पेन हातात दिल्यावर विचार करतो, हा माझा नेहमीचा अनुभव आहे, आणि पुष्कळदा पंप त्या आठवड्यातच बसतो. ती सही शिफ्ट इनचार्जची नसावी, ज्याला खर्च मंजूर करता येतो त्याची असावी.

बदली व्यवस्था म्हणजे तुमच्या बाबतीत हातातला अमोनिया मीटर भाड्यानं का होईना आणायचा, तासाला एक फेरी, ग्लँड आणि फ्लँजला (व्हॉल्व्हच्या आणि पाइपच्या सांध्यांना) पेटवलेली सल्फरची कांडी दाखवायची (पांढरा धूर आला की गळती), ऑइल ड्रेन फक्त दिवसा आणि दोन माणसं असतानाच. ऑइल काढताना व्हॉल्व्ह उघडा ठेवून "आलोच" म्हणून बाजूला जाणं हे अमोनियाच्या अपघातांचं जुनं कारण आहे, तिथं सोडला की आपोआप बंद होणारा स्प्रिंगचा व्हॉल्व्ह बसवून घ्या, त्याचा खर्च डिटेक्टरच्या मानानं काहीच नाही. स्प्रे पंप नसेल तर फायर होजची लाइन तयार ठेवा, पण पोरांना शिकवा की पाणी वाफेवर मारायचं, जमिनीवर साचलेल्या द्रव अमोनियावर नव्हे, नाहीतर तो अजून उकळून उठतो. आणि काही गोष्टींत मात्र मी बदली व्यवस्था मानत नाही, जादा दाब सोडणारा सेफ्टी रिलीफ व्हॉल्व्ह ब्लँक केलेला (बंद करून टाकलेला) असेल, बाहेर पडायच्या दाराला कुलूप असेल, श्वासाचा एससीबीए सेट (पाठीवरच्या सिलिंडरमधून हवा देणारा) रिकामा असेल तर ते नीट होईपर्यंत त्या भागात काम बंद, यावर तडजोड नाही.

इथपर्यंतचं थोडक्यात: भरपाई कंपनीची, फौजदारीत ज्याला माहीत होतं आणि अधिकार होता तो आधी, पण तुमची खोटी सही त्याला सोडवू शकते, म्हणून खरं लिहायचं आणि वरच्याची सही घ्यायची.

हे लिहून देण्यामागं नुसतं स्वतःला वाचवणं नाही. जपानमध्ये मिनामाता गावात चिस्सो कंपनीचा पारा समुद्रात जात होता, कंपनीच्याच दवाखान्यातले डॉक्टर होसोकावा यांनी 1959 मध्ये कारखान्याचं सांडपाणी मांजरांना देऊन बघितलं, मांजराला तोच आजार झाला. कंपनीनं तो प्रयोग दडपला आणि पारा 1968 पर्यंत जातच राहिला. एका माणसाला कळलं होतं, बरोबर कळलं होतं, पण ते कंपनीच्या आत अडकलं. मधल्या त्या नऊ वर्षांत किती पोरं आईच्या पोटातच बाधित झाली असतील याचा विचार मी कामावर नवीन येणाऱ्या प्रत्येक इंजिनिअरला करायला लावतो.

म्हणून ज्यांना धोका आहे त्यांना सांगणं हाही जबाबदारीचाच भाग आहे, आणि आपल्या सीमाभागात यात दोन अडचणी जास्तीच्या आहेत. एक भाषेची. सूचना कागदोपत्री कुठल्या भाषेत आहेत यावरून इथं लगेच राजकारण सुरू होतं, मला त्यात पडायचं नाही, मशीनरूमच्या दारावर कन्नड, मराठी आणि हिंदी तिन्हीत चार ओळी लावा आणि त्याच्या शेजारी चित्र काढा, कारण बहुसंख्य कामगारांना समजेल त्या भाषेत नोटीस असावी हे कारखाना कायद्याच्या 108 व्या कलमातच होतं. दुसरी अडचण हद्दीची. तुमच्या प्लांटपासून कोगनोळीपलीकडं कोल्हापूर जिल्हा सुरू होतो, आपत्तीचा जिल्हा आराखडा बेळगावचे डीसी (जिल्हाधिकारी) बघतात, पलीकडचं गाव कोल्हापूरच्या कलेक्टरकडं, आणि गॅसला चेकपोस्ट कळत नाही. पावसाळ्यात वारा नैऋत्येकडून असतो म्हणजे ईशान्येकडच्या वस्तीला आधी सांगावं लागेल, हिवाळ्यात दिशा बदलते. दोन्हीकडच्या ग्रामपंचायतीत जाऊन एवढं सांगितलं तरी पुष्कळ झालं की सायरन असा वाजला तर ओलं फडकं नाकातोंडावर धरा, वाऱ्याच्या आडव्या दिशेनं निघा, आणि हा नंबर लावा. भोपाळमध्ये हमीदिया रुग्णालयातल्या डॉक्टरांना कुठला गॅस आहे आणि उपचार काय हे नीट सांगितलं गेलं नव्हतं, म्हणून गावच्या पीएचसीतल्या (प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या) डॉक्टरांना आपल्याकडं अमोनिया आहे, डोळे आणि कातडी भरपूर पाण्यानं धुवायची, हे आधीच कळवून ठेवा. मालकांना गावात मान आहे म्हणता, मग हे सांगायला त्यांनीच पुढं व्हावं, शाळेच्या खोल्यांच्या उद्घाटनाला आलेली माणसं याही बैठकीला येतील.

नोकरीची भीती राहतेच, ती मी नाकारणार नाही, घर चालवणाऱ्या माणसाला "तत्त्वासाठी सोड" असं दुरून सांगणं सोपं असतं. म्हणून पायरी पायरीनं जा. आधी मॅनेजरना लेखी, मग सेफ्टी कमिटी असेल तर तिथं, मग मालकांना स्वतः भेटून, तेही एकटे न जाता दुसऱ्या शिफ्टच्या इनचार्जना घेऊन, आणि बोलताना "तुम्ही अडकाल" यापेक्षा "दोन डिटेक्टर आणि पंप मिळून एवढा खर्च, एवढ्या दिवसात होतंय" असा कोटेशनचा कागद समोर ठेवून. मालकांपर्यंत ही गोष्ट गेलेलीच नसण्याची शक्यता बरीच आहे, मॅनेजर खर्च कमी दाखवायच्या नादात वर सांगत नाहीत हे मी पुष्कळ ठिकाणी बघितलंय. त्यानंही हललं नाही तर कारखाने व बॉयलर खात्याकडं तक्रार करता येते. तक्रार करणाऱ्याचं नाव इन्स्पेक्टरनं गुप्त ठेवायचं हे 118-अ कलमात लिहिलेलं होतं, आणि धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यात धोका जवळ आलाय असं वाटलं तर कामगारानं मालकाला आणि त्याच वेळी इन्स्पेक्टरला कळवायचा हक्क 41-एच मध्ये होता. तुमचा प्लांट त्या यादीत बसतो का ते खात्यात विचारून घ्या, बसत नसला तरी साधी तक्रार करायला कुणी अडवत नाही. लॉगशीटच्या आणि दिलेल्या पत्रांच्या फोटोंची एक प्रत घरी ठेवा, कंपनीच्या कॉम्प्युटरवर नको.

सिस्टीममध्ये अमोनिया किती भरलेला आहे आणि सगळ्यात जवळचं घर किती अंतरावर आहे हे दोन आकडे इथं कळवा, रिसीव्हर मशीनरूमच्या आत आहे की बाहेर तेही लिहा, म्हणजे पंप बसेपर्यंत काय काय करता येईल ते अजून नेमकं सांगता येईल.